वाचकांचे प्रश्न : गाणे ऐकायचे असते, जगायचे कसे?

या महिन्यात नाशिकहून आलेल्या टपालात पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली. लिहिणाऱ्यांमध्ये एक आजोबा आहेत, एक आई आहे, एक महाविद्यालयीन तरुण आहे. ते एकमेकांना ओळखत असण्याचे काही कारण नाही. तरीही एकाच शहरातून हिप-हॉपविषयी इतके प्रश्न एकदम यावेत याचा मला आनंद झाला, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. अकरावीतला माझा नातू म्हणतो, ‘आजोबा, हिप-हॉप हे गाणं नाही, ते मी जगतो.’ मला हे वाक्य समजत नाही. गाणे ऐकायचे असते, फार तर म्हणायचे असते. ते जगायचे कसे?
– एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : गुरुजी, अभंग कोणालाही म्हणता येतो. एखादा गायक मैफलीत अभंग अतिशय सुरेल गातो म्हणून त्याला कोणी वारकरी म्हणत नाही. वारकरी व्हायचे तर माळ, एकादशी, पंढरीची वाट आणि समोर येईल त्याच्या पायाला हात लावण्याची रीत, हे सगळे अंगी मुरावे लागते. रॅप आणि हिप-हॉप यांचे नाते मला पुष्कळसे असेच दिसते. रॅप म्हणजे तालात आणि यमकात बोलण्याची कला. ती ज्या जीवनरीतीतून आली ती रीत म्हणजे हिप-हॉप. तिची चार अंगे मानतात. तबकड्यांमधून नवे संगीत घडवणारा डीजे, तालावर बोलणारा एमसी, जमिनीशी झुंजत नाचायचे ब्रेकिंग म्हणजे ब्रेकडान्स, आणि भिंतीवरचे रंगलेखन म्हणजे ग्राफिटी. जाणकार त्यात पाचवे अंग मिळवतात ते ‘ज्ञान’. आपण कोण, कोठून आलो आणि आपल्या आधी हे कोणी केले, याची जाण असल्याखेरीज बाकीची चार अंगे नुसती करमणूक ठरतात, असे ते मानतात. आपला नातू ‘जगतो’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याला या पाचव्या अंगाविषयी बोलायचे असते.

हे कोठून आले ते पाहिले की अर्थ आपोआप उलगडतो. न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स हा भाग गेल्या शतकाच्या मध्यापासून खचत गेला. १९४८ पासून त्याच्या मधोमध एक द्रुतगती महामार्ग बांधण्यात आला, त्यासाठी हजारो कुटुंबे उठवली गेली, ज्यांना परवडले ते निघून गेले आणि मागे उरली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोची आणि कॅरिबियन बेटांतून आलेली गरीब माणसे. भाडे वसूल होईना तेव्हा कित्येक घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी आपल्याच इमारतींना आगी लावल्या. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि शाळांच्या खर्चाला कात्री लागली. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांच्या हातात राहिल्या त्या आईवडिलांच्या जुन्या तबकड्या.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीतल्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत एवढाच तिचा हेतू होता. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेशदर हाताने लिहिलेल्या आमंत्रणावर होता. संगीताची बाजू सांभाळली तिच्या थोरल्या भावाने. त्याचे नाव क्लाइव्ह, जन्म जमैकाचा. जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखते.

हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाणे चालू असताना नाचणारे रेंगाळतात आणि गायक थांबून केवळ ढोल-ड्रम वाजू लागले की सगळे मैदानात उतरतात. पण हा तुकडा, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, काही सेकंदांतच संपतो. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा आणि तेवढ्यात पहिली हाताने मागे फिरवून पुन्हा सुरुवातीला आणायची. अशा रीतीने काही सेकंदांचा तुकडा पाच-पाच मिनिटे चालू लागला. भजनात एखादे ध्रुपद टाळ-मृदंगावर चढवत नेतात तेव्हा जे होते तेच तेथे झाले. या ब्रेकवर नाचणाऱ्यांना ‘बी-बॉय’ आणि ‘बी-गर्ल’ हे नाव पडले. नाचणाऱ्यांना चेव यावा म्हणून हर्कचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावे पुकारी, मधूनच यमक जुळवी. रॅपचा उगम त्या पुकारण्यात आहे. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर मेणखडूने खुणा करून ब्रेक अचूक पकडण्याचे तंत्र बसवले.

आता ‘जगण्या’कडे येतो. त्या काळात ब्रॉन्क्स टोळ्यांनी वाटून घेतलेला होता. डिसेंबर १९७१ मध्ये तंटा मिटवायला गेलेला एक तरुण मारला गेला. सगळ्यांना वाटले, आता सूडसत्र पेटणार. पण त्याच्याच गटाने सूड नाकारला आणि हो अव्हेन्यू या रस्त्यावर टोळ्यांची बैठक बोलावून तह घडवला. हद्दी सैल झाल्या म्हणून पुढे या पार्ट्यांना दुसऱ्या वस्तीतले मूल जाऊ शकले. ईर्षा काही संपली नाही, ती नाचात आणि शब्दांत आली. नर्तक किंवा रॅपर ज्या रिंगणात उतरतात त्याला ‘सायफर’ म्हणतात. त्या रिंगणाची शिस्त कडक आहे : आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, समोरच्याला हरवायचे पण हात लावायचा नाही, आणि हरलो तर घरी जाऊन रियाज करायचा. ज्यांच्याकडे जमीन, पदवी, ओळखपाळख यांपैकी काही नव्हते त्यांना नाव कमावण्याचा हा एक मार्ग मिळाला, आणि तो त्यांनी स्वतःच आखला होता. मला स्वतःला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. नातवाला एकदा विचारून पाहावे, ‘तुझ्या रिंगणात कोण कोण असते?’ तो सांगायला लागला की थांबणार नाही.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी मित्रांबरोबर ब्रेकडान्स करायला जातो. गुडघे फोडून घेतो, कपडे ढगळ घालतो. त्याच्या मोबाइलवरची गाणी मी ऐकली, त्यांत शिव्याच शिव्या होत्या. मुलगा वाया तर जाणार नाही ना?
– एक आई, सिडको

उत्तर : ताई, आपल्या काळजीचे दोन भाग करतो, कारण दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

नाचाविषयी मी आपल्याला निर्धास्त करू शकतो. गेल्या पावसाळ्यात नाशिकमध्येच, एका उद्यानातल्या पत्र्याच्या छताखाली, अशीच सात-आठ मुले सराव करताना मी दोन तास बसून पाहिली. फरशी खरबरीत होती म्हणून त्यांनी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स आणून उलटा अंथरला होता. पांढरी गुळगुळीत बाजू वर, चार कोपऱ्यांवर चार विटा. एक मुलगा ‘सिक्स-स्टेप’ घोटत होता. दोन्ही हातांवर भार देऊन सहा पावलांत शरीराभोवती पायांचे एक वर्तुळ पूर्ण करायचे, हा ब्रेकिंगचा जणू ओनामा. चौथ्या पावलाला त्याचा डावा पाय सारखा अडकत होता. त्याच्याहून लहान दिसणारा एक मुलगा शेजारी उकिडवा बसून तोंडाने ताल धरत होता आणि दर वेळी म्हणत होता, ‘कंबर वर, दादा, कंबर वर.’ वीस-बावीस वेळा चुकल्यावर पाय सुटला, तेव्हा सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. लहानाने मोठ्याला शिकवावे आणि मोठ्याने ते मान खाली घालून शिकावे, हे दृश्य आपल्या शाळांतसुद्धा सहज दिसत नाही.

या कलेला आता मैदानी मान्यताही मिळाली आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश होता. महिलांत जपानच्या आमीला आणि पुरुषांत कॅनडाच्या फिल विझार्डला सुवर्णपदक मिळाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत ब्रेकिंग नाही, हेही मुलाच्या मनात काही स्वप्न असेल तर त्याला माहीत असू द्यावे. पॅरिसमध्ये गुण देताना तंत्र आणि सफाई यांच्याइतकेच वजन नावीन्य, हालचालींचे वैविध्य आणि संगीताची समज यांना होते, आणि डीजे कोणते गाणे लावणार हे नर्तकाला आधी ठाऊक नसे. घोकंपट्टीने जिंकता येईल असा हा खेळ नाही. आपण आग्रह धरावा तो एवढाच, की मनगटे, खांदे आणि मान नीट मोकळी केल्याखेरीज त्याने सुरुवात करू नये, आणि डोक्यावर फिरण्याचा प्रकार जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नये.

शिव्यांविषयी मात्र मी सारवासारव करणार नाही. रॅपमधला मोठा भाग बाईला तुच्छ लेखणारा, पैशाचा आणि हत्याराचा तोरा मिरवणारा आहे, आणि त्याचा बाजारच सर्वांत मोठा आहे. यातल्या काही शिव्या संतापाच्या असतात. १९८२ च्या ‘द मेसेज’ या गीताने मोडक्या काचा, उंदीर आणि झुरळे यांचे चित्र उभे केले तेव्हापासून वस्तीतले दुःख कडवट शब्दांत सांगणे ही या कलेची एक बाजू राहिली आहे. पण संतापाची शिवी आणि सवयीची शिवी यांत फरक असतो, आणि तो सतराव्या वर्षी आपोआप कळत नाही. मोबाइल काढून घेऊन तो कळणार नाही. ‘तू स्वतः काही लिहिलं आहेस का? मला वाचून दाखव,’ असे एकदा म्हणून पाहावे. आईला वाचून दाखवायचे आहे म्हटल्यावर मुलगा काय गाळतो आणि काय ठेवतो, यावरून त्याचे त्यालाच पुष्कळ कळेल.

प्रश्न : मी मराठीत रॅप लिहितो. घरी म्हणतात, ही अमेरिकेची नक्कल आहे. महाविद्यालयातले काही मित्र म्हणतात, रॅप मूळचा आपलाच, आपला पोवाडा म्हणजे रॅपच. खरे काय? मला हा प्रकार करण्याचा अधिकार आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : दोन्ही म्हणणी अर्धी आहेत. रॅप पोवाड्यातून निघालेला नाही. तो ब्रॉन्क्समधल्या कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन मुलांनी घडवला. त्याचे श्रेय आपल्या नावावर ओढून घेणे हे या संस्कृतीच्या पहिल्याच नियमात बसत नाही. हिप-हॉपमध्ये दुसऱ्याची शैली किंवा ओळी चोरण्याला ‘बाइटिंग’ म्हणतात आणि त्याहून लाजिरवाणे तेथे काही मानत नाहीत. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्याने रॅप जगभर पोहोचवला. पण त्यातल्या एका गायकाने आपल्या कडव्यांसाठी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रॅपरची वही वापरली होती. त्या वहीत कॅझने स्वतःचे टोपणनाव एकेक अक्षर सुटे करून गुंफले होते, तेही गायकाने जसेच्या तसे म्हटले. गाण्यात दुसऱ्याचे नाव आणि श्रेयात ते नाही, अशी ही चोरी आजही ऐकणाऱ्याला ऐकू येते.

म्हणून मूळ कोणाचे हे स्वच्छ सांगावे, आणि मग आपल्या घरातले काय आहे ते मनापासून शोधावे. आपल्याकडे पुष्कळ आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीला थोर मानणारे कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत, एकाने कवनात कोडे घालायचे आणि दुसऱ्याने तेथल्या तेथे कवनातच सोडवायचे. रात्र उलटली तरी लोक हलत नसत. डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहीर एका दमात जो मजकूर सांगतो, त्यातली श्वासाची शिस्त रॅपरच्या सरावाला फार उपयोगी आहे. आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेल्या वामनदादा कर्डकांचे नाव आपल्याला ठाऊक असायलाच हवे. अक्षरओळखही प्रौढपणी झालेल्या या माणसाने आंबेडकरी चळवळीची हजारो गीते रचली आणि गावोगाव, वस्तीवस्तीत उभे राहून गायिली. ज्या शहरात १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, त्या शहरातल्या तरुणाला आपली वस्ती आणि आपला मान यांविषयी काय गावे हे परदेशातून शिकून यावे लागणार नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. पुढच्याच वर्षी हर्कने त्या दोन तबकड्या फिरवल्या. आपल्या दलित वस्त्या आणि तिकडच्या कृष्णवर्णीय वस्त्या यांच्यातली ये-जा आपल्या जन्माआधीपासूनची आहे. आपण तिच्यात उशिरा सामील होत आहात, चोरून नव्हे.

मुंबईत ही वाट रुळली आहे. धारावीत रॅपरांचे आणि नर्तकांचे गट उभे राहिले, २०१५ च्या सुमारास डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी गल्लीची हिंदी घराघरांत नेली, आणि स्वदेशी या गटाने आरेच्या जंगलासाठी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी आपली जागा सोडली नाही. नाशिक रोडच्या मुलाने पिस्तूल, दारू आणि परदेशी मोटारींवर लिहिले तर ती नक्कल ठरेल. अंबड-सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून येणाऱ्या वडिलांवर लिहिले, पहाटेच्या बाजार समितीत उतरणाऱ्या भाजीवर लिहिले, पुराच्या दिवशी गोदाकाठची दुकाने रिकामी करणाऱ्या हातांवर लिहिले, तर ते ब्रॉन्क्समधल्या माणसालाही आपले वाटेल.

कारागिरीविषयी थोडे सांगतो, कारण बहुतेक नवे मराठी रॅप येथे घसरते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे जातो-खातो-गातो, करणार-मरणार-हरणार अशी यमके मागितल्याशिवाय मिळतात, आणि जे मागितल्याशिवाय मिळते ते ऐकणाऱ्याला आधीच कळलेले असते. ओळीचा शेवट नामावर किंवा विशेषणावर आणून पाहा. यमक शेवटी न ठेवता ओळीच्या पोटात ठेवून पाहा. मोरोपंतांच्या आर्या चाळल्यात तर एकाच अक्षरसमूहातून दोन अर्थ काढणारी यमके सापडतील. रॅपच्या दृष्टीने वाचल्यास मोरोपंत अजिबात जुने वाटत नाहीत. चार मात्रांच्या चौकटीत कोणते अक्षर ठोक्यावर येते हे हाताने टाळी देऊन तपासा. मराठीतल्या दीर्घ स्वरावर ठोका पडला की शब्द स्वच्छ ऐकू येतो, ऱ्हस्वावर पडला की चेंगरतो. आणि बीट, म्हणजे रॅपच्या साथीचे तयार तालसंगीत, विकत किंवा फुकट डाउनलोड करण्याआधी एकदा आपल्या नाशिक ढोलाचा ताल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याचा आठ मोजण्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून पाहा. हर्कने केले ते याहून फार वेगळे नव्हते.

अधिकाराविषयी विचारलेत. तो कोणी देत नाही. मूळ मालकांचे नाव घेतले, दुसऱ्याच्या ओळी घेतल्या नाहीत आणि स्वतःच्या वस्तीविषयी खोटे बोलला नाहीत, की तो तुमचा आहे.

प्रश्न : ग्राफिटी ही कला म्हणता, पण दुसऱ्याची भिंत खराब करणे हा गुन्हा नाही का?
– एक दुकानदार, सातपूर

उत्तर : परवानगीशिवाय केले तर आहे, आणि आपण नुकतीच रंगवलेली भिंत कोणी बिघडवली तर आपला राग रास्त आहे. या प्रकाराचा उगम मात्र समजून घ्यावा. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने ‘टाकी १८३’ अशी सही शहरभर करत फिरणाऱ्या एका तरुणावर बातमी छापली. टाकी हे त्याचे घरगुती नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. मी येथे राहतो, मी आहे, एवढेच ती सही सांगत होती. त्या सहीतून पुढे रंग, छाया आणि अक्षररचनेचे एक शास्त्रच तयार झाले. देवनागरीत तर त्याला फार वाव आहे, कारण आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे, वेलांटी आहे, जोडाक्षरांच्या गाठी आहेत. आपल्या दुकानाचे शटर एखाद्या मुलाला रीतसर रंगवायला द्यावे, असे मी सुचवतो. रंगाचा खर्च आपण करावा आणि कोपऱ्यात त्याची सही राहू द्यावी.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला रॅप येतो. पण सायफरला सगळी मुलेच असतात. यात मुलींना जागा आहे का?
– एक विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : बाळ, ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात ती पार्टी एका मुलीने ठेवली होती, हे वर पहिल्या उत्तरात आले आहे. रॅपची पहिली गाजलेली तबकडी ज्या कंपनीने काढली ती चालवणारी, आणि ‘द मेसेज’ घडवून आणणारी, सिल्व्हिया रॉबिन्सन ही बाई होती. शा-रॉक सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रॉन्क्समध्ये पुरुष रॅपरांच्या बरोबरीने माइक धरत होती. आपल्याकडे मुंबईच्या डी एमसी या रॅपर मुलीने अशाच मुलांच्या गर्दीत स्वतःचे नाव केले. तेव्हा जागा आहेच. पण मुलांनी ती अडवलेली असते हेही खरे, आणि त्याची लाज त्यांना वाटायला हवी, तुला नव्हे.

पहिल्यांदा जाताना एखाद्या मैत्रिणीला बरोबर ने आणि उजेड असेपर्यंतची वेळ ठरव. सोळा ओळी पाठ असू देत, कारण पहिल्या दिवशी ऐन वेळी सुचत नाही. रिंगणात मागे उभी राहू नकोस, पुढच्या फळीत राहा. एकाचे संपून दुसरा श्वास घेतो तेवढ्या फटीत एक पाऊल आत टाकायचे असते. पहिली ओळ मोठ्याने म्हण. दुसरीपर्यंत कोणीतरी तोंडाने ताल धरलेला असेल.